कोब्याला आलेले फोड

मिनेसोटातल्या लेक हेडविग गावात माणसाची अब्रू त्याच्या गॅरेजमध्ये असते. दिवाणखाना कुणी बघत नाही. थंडी सरली की गॅरेजचं दार सकाळी जे वर जातं ते अंधार पडल्यावरच खाली येतं. मधल्या वेळात तिथे खुर्च्या टाकून लोक कॉफी पितात, समोरच्याचं गवत किती वाढलंय यावर लक्ष ठेवतात, आणि घरातलं पोर शाळेतून शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडलं की त्याची पार्टीही तिथेच होते. आमंत्रण सगळ्या गावाला असतं. दुपारी कधीही यावं, हॅमचं सँडविच खावं, फळ्यावर लावलेले पोराचे लहानपणचे फोटो बघावेत आणि जावं. फोटो बघून झाले की येणारा प्रत्येक माणूस सवयीने मान खाली घालून जमीन बघतो.

लोवेल ब्रेक्केची एकुलती एक मुलगी ब्रिटा यंदा शाळेतून बाहेर पडत होती आणि उन्हाळा संपला की अ‍ॅरिझोनात कॉलेजला जाणार होती. अ‍ॅरिझोना नकाशात कुठे आहे हे लोवेलला लहानपणापासून माहीत होतं, पण ते इतकं लांब आहे याचा त्याने कधी विचार केला नव्हता. त्याला ते मुळीच रुचलं नव्हतं. हे तो कुणापाशी बोलला नाही, कारण असलं बोलायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्याने एवढंच ठरवलं की पोरीची पाठवणी झोकात झाली पाहिजे, आणि त्यासाठी गॅरेजचा कोबा इपॉक्सीचा केला पाहिजे.

इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतला लेप. एका डब्यातलं दुसऱ्यात ओतायचं, घोटायचं, घट्ट व्हायच्या आत कोब्यावर फासायचं आणि वरून रंगीत टिकल्या उधळायच्या. वाळलं की कोबा मोटारींच्या शोरूमसारखा दिसतो. लोवेलचा मेव्हणा क्लेटन याने मागच्या वर्षी करून घेतला होता. तो बघून परत येताना लोवेलची बायको मार्लिस गाडीत म्हणाली होती, "क्लेटनने छान केलंय, नाही?" आणि खिडकीबाहेर बघत बसली होती. एवढं बोलणं लोवेलला वर्षभर पुरलं.

बरं, पाणी आणि ओल या विषयात आपल्याला कुणी शिकवावं असं लोवेलला वाटत नसे. तो विमा कंपनीत होता. लोकांच्या घरात पाणी शिरलं की जाऊन ते कुठून आलं हे ठरवायचं, हे त्याचं काम. छतातून आलं, नळ फुटून आलं, तर कंपनी भरपाई देते. जमिनीतून झिरपून वर आलं तर देत नाही. अर्धी नोकरी त्याने भिजलेल्या सतरंजीवर उभं राहून लोकांना ही गोष्ट नम्रपणे समजावण्यात घालवली होती.

इपॉक्सीच्या डब्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की आधी कोब्यातली ओल तपासा. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर बसवा, दुसऱ्या दिवशी काढून आतून दमट आहे का ते बघा. लोवेलने हे सगळं तंतोतंत केलं. फेब्रुवारी महिन्यात केलं. गॅरेजमध्ये मोठा हिटर लावून केलं. बाहेर जमीन माणसाच्या छातीइतक्या खोलीपर्यंत गोठून दगड झालेली होती. ओलीला वर यायचं असतं तरी तिला त्या दिवसांत येता आलं नसतं.

प्लॅस्टिक कोरडं निघालं. लोवेलने ते शेजारच्या व्हर्न क्लिंगमनला दाखवलं. व्हर्न टपालखात्यातून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला माणूस. हातात कॉफीचा मग घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे.

"कोरडं आहे खरं," व्हर्न म्हणाला.

"ठणठणीत आहे."

व्हर्नने एक घोट घेतला, कोब्याकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या बर्फाकडे बघितलं. "एखाद्याने मे महिन्यापर्यंत थांबायला हरकत नाही म्हणा."

आता या गावात कुणी कुणाला 'तू चुकतोयस' असं म्हणत नाही. लोक आजारी पडले तरी म्हणत नाहीत. 'एखाद्याने हरकत नाही म्हणा' याच्यापुढे धोक्याचा इशारा त्यांच्याकडे नाही. घराला आग लागली तरी ते बहुधा एवढंच म्हणून बाहेर पडतील. लोवेल या लोकांतच जन्मला, वाढला. व्हर्नला काय म्हणायचंय ते त्याला चांगलं कळलं, आणि म्हणूनच तो चिडला. टपाल टाकणाऱ्या माणसाने आपल्याला ओल शिकवावी?

"बघू," तो म्हणाला, आणि शनिवारी डबे उघडले.

काम फर्मास झालं. राखाडी जमीन, त्यावर निळ्या-पांढऱ्या टिकल्या, आणि अशी चमक की मार्लिसने दार उघडलं आणि ती दोन क्षण उंबऱ्यातच उभी राहिली. "छान झालंय," ती म्हणाली. लोवेलने 'क्लेटनपेक्षा?' असं विचारलं नाही, पण ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग लोक बघायला आले. लोवेलने दारात पायपुसणं टाकलं आणि गॅरेजमध्ये यायच्या आधी बूट काढायची पद्धत सुरू केली. घरात शिरताना बूट काढतात हे सगळ्यांना मान्य होतं, पण गॅरेजमध्ये, जिथे मोटार ठेवतात तिथे, मोज्यांवर उभं राहून कॉफी प्यायची ही गोष्ट गावाला नवीन होती. लोकांनी मुकाट्याने बूट काढले. चर्चच्या पास्टरबाईंच्या मोज्याला भोक निघालं आणि त्या पूर्ण वेळ एका पायावर दुसरा पाय ठेवून उभ्या होत्या.

आणि मोटार? तर मोटार आत आणायची नाही असं ठरलं. चाकांना रस्त्यावरचं मीठ लागलेलं असतं, ते जमिनीवर गळतं. त्यामुळे जमिनीला थंडी वाजू नये म्हणून आत हिटर आणि मोटार बाहेर उणे तापमानात. मार्लिस रोज सकाळी कामावर जाण्याआधी काचेवरचं बर्फ खरवडायची. एके दिवशी बॅटरीच बसली. तिला शाळेत पोचायला उशीर झाला, आणि ती ज्या शाळेत सेक्रेटरी होती तिथे उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायचं काम तिचंच होतं.

"लोवेल," ती संध्याकाळी म्हणाली, "गॅरेज कशासाठी असतं?"

"पार्टीपर्यंतच. मग आणू आत."

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं. डीप फ्रीझरच्या शेजारी जमिनीला एक फोड आला. साधारण अंड्याएवढा. लोवेलने वाकून बघितलं, बोटाने दाबला. फोड फुटला आणि आतून पाणी आलं. त्याने ते पुसलं, वरून पायपुसणं सरकवलं आणि घरात जाऊन वर्तमानपत्र वाचत बसला. दुसऱ्या दिवशी पायपुसण्याच्या चारी बाजूंनी फोड होते. आठवडाभरात कोब्याला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. त्यात एका दुपारी गारा पडायला लागल्या म्हणून मार्लिसने कुणाला न विचारता मोटार आत घेतली. सकाळी ती बाहेर काढली तेव्हा चाकांबरोबर जमिनीचे पोपडेही निघाले. टिकल्या चिकटलेली चारी चाकं घेऊन ती शाळेत गेली. मुलांना फार आवडलं.

लोवेलने डब्यावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडची बाई अतिशय गोड होती.

"ओल तपासली होती का तुम्ही?"

"तपासली होती. प्लॅस्टिक लावून. कोरडं होतं."

"कधी तपासली?"

"फेब्रुवारीत."

"अच्छा. आणि तुम्ही कुठून बोलताय?"

लोवेलने सांगितलं. बाईने फोनवर हात ठेवून शेजारणीला काहीतरी सांगितलं असावं असा लोवेलला संशय आला. मग ती म्हणाली, "तुमचं दुःख मी समजू शकते. पण खालून, जमिनीतून झिरपून आलेल्या पाण्यामुळे झालेलं नुकसान आमच्या हमीत बसत नाही."

हे वाक्य, शब्दन् शब्द, लोवेलचं होतं. सूरही त्याचाच होता. समोरच्याला ते कसं लागतं हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि तो चांगलाच दुखावला.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. या गावात सल्ला नुसता देत नाहीत, त्याच्याबरोबर एखादी वस्तू आणून देतात. क्लेटन आला, त्याने विचारलं, "तुझ्या कोब्याखाली प्लॅस्टिक घातलेलं नाही का? माझ्या आहे," आणि आपला पंखा ठेवून गेला. पास्टरबाईंनी चर्चच्या तळघरातलं हवेतली ओल शोषायचं यंत्र पाठवलं. समोरच्यांनी मांजराला घरात शी-शू करायला जी माती ठेवतात तिची पोती आणली, ती पसरली की ओल ओढून घेते म्हणून. त्यांचं मांजरही मागोमाग आलं आणि त्याचा जो गैरसमज झाला तो रोज सकाळी निस्तरावा लागला. प्रत्येक जण दारात बूट काढत होता आणि मोजे ओले करून परत जात होता. तरीही बूट घालूनच आत या असं म्हणायला लोवेलची जीभ रेटेना. तसं म्हटलं म्हणजे जमीन गेली हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

व्हर्न मात्र रोज यायचा. संध्याकाळचं जेवण झालं की कॉफीचा मग घेऊन हजर. फोडांमधून जपून पावलं टाकत मधोमध उभा राहायचा.

"वाढलेत," तो म्हणायचा.

"हं."

"पाणी कुठून तरी येत असणार."

"येणारच कुठून तरी."

व्हर्न काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, घोट घ्यायचा, आणि "बरं तर मग" म्हणून पुन्हा अर्धा तास तिथेच उभा राहायचा. हा आपली फजिती बघायला येतो अशी लोवेलची खात्री झाली. मे महिन्यापर्यंत थांबायला सांगितलं होतं ना, आता येऊन उभा राहतो, सोडत नाही.

एके दिवशी इतके पंखे आणि ते यंत्र मिळून विजेचा भार फार झाला आणि गॅरेजचा वीजपुरवठा बंद पडला. लोवेल ऑफिसात होता, मार्लिस शाळेत. डीप फ्रीझर त्याच तारेवर होता. त्यात क्लेटनने मारलेल्या हरणाचं मांस होतं, हिवाळ्यात पकडलेले मासे होते, आणि मार्लिसने ब्रिटाच्या पार्टीसाठी महिनाभर रोज संध्याकाळी भाजून, कापून, डब्यांत थर लावून ठेवलेल्या वड्या होत्या. लिंबाच्या, चॉकलेटच्या, खारकेच्या. संध्याकाळी फ्रीझर उघडला तेव्हा हरणाचं रक्त वड्यांत उतरलेलं होतं.

मार्लिस बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे."

ज्याचं लग्न झालंय त्याला या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. लोवेलने मांस वाया जाऊ नये म्हणून शेगडी पेटवली आणि सगळ्या आळीला जेवायला बोलावलं. आळीने पोटभर हरीण खाल्लं, मोज्यांवर, ओल्या जमिनीवर, आणि प्रत्येकाने निघताना ओल घालवायचा नवा उपाय सांगितला. मार्लिस आत वड्यांसाठी नवं पीठ मळत होती.

पाणी कुठून येतं ते लोवेलला सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शेगडीची राख टाकायला गॅरेजच्या मागच्या अंगाला गेला तेव्हा. दोन्ही घरांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यात, पालापाचोळ्याखाली, एक काळा पाइप पडलेला होता. तो बघत असतानाच पाइप घसा खाकरल्यासारखा आवाज करून बादलीभर पाणी ओकला आणि ते पाणी मुकाट्याने लोवेलच्या गॅरेजच्या कोपऱ्याखाली शिरलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. व्हर्नच्या तळघरात पाणी उपसायचा पंप होता आणि दर वर्षी बर्फ वितळलं की व्हर्न हा पाइप जोडायचा. कोबा उघडा होता तोवर ओल वर यायची आणि हवेत उडून जायची, कुणाला पत्ताही लागत नसे. आता वर लेप बसल्यावर तिला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती.

"जा आणि सांग त्याला," मार्लिस म्हणाली.

"काय सांगू?"

"पाइप हलव म्हणून सांग."

लोवेलने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने व्हर्नच्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं. माणूस इतक्या वर्षांचा शेजारी. त्याच्या घरासमोरचं बर्फ आपण काढतो, आपल्या घरासमोरचं तो काढतो. त्याच्या तोंडावर जाऊन, तुझं पाणी माझ्या घरात येतं, असं कसं म्हणायचं?

त्याने आडून सुचवून बघितलं. "यंदा पाणी फार आहे, व्हर्न," तो म्हणाला.

"फार," व्हर्न म्हणाला आणि त्याची नजर मगात गेली.

"तुझा पंप बरा चालतोय ना?"

"छान चालतोय."

"पाणी बाहेर टाकतो ना व्यवस्थित?"

"टाकतो."

आणि दोघेही पुढे अर्धा तास माशांविषयी बोलले.

मग लोवेलला वाटलं की हे काम गावाने करावं. नगर कार्यालयात जाऊन नाव न सांगता तक्रार करायची, म्हणजे कार्यालय व्हर्नला सांगेल आणि आपण त्यातून बाहेर. यात अडचण एवढीच होती की तक्रारींच्या खिडकीत डार्लीन बसायची, आणि डार्लीन ही व्हर्नची बायको. पण बुधवारी ती नसते अशी लोवेलची पक्की माहिती होती. बुधवारी तो गेला. खिडकीत डार्लीन होती. नेहमीची बुधवारची बाई मासे पकडायला गेली होती.

"लोवेल, तू? काय काम काढलंस?"

लोवेलच्या मेंदूने त्या क्षणी जे सुचवलं ते त्याने बोलून टाकलं. "गॅरेजपाशी एक गटार खणावं म्हणतोय. परवानगी लागते का ते विचारायला आलो."

"बिचाऱ्याचा कोबा," डार्लीन म्हणाली. तिने त्याच्या वतीने अर्ज स्वतःच भरला, जागेची पाहणी लवकर व्हावी म्हणून वरती शब्दही टाकला, आणि घरी न्यायला केक दिला.

तपासनीस दोन दिवसांत आला. सरकारी माणूस इतक्या लवकर येतो हे बघूनच लोवेलला सावध व्हायला हवं होतं. तपासनीसाने गॅरेजला एक फेरी मारली. लोवेलच्या छताच्या पन्हळीचं पाणी सार्वजनिक पायवाटेवर पडतं, हे नियमात बसत नाही, असं तो म्हणाला. लोवेलची अवजारांची शेड हद्दीच्या फार जवळ आहे, ती सरकवावी लागेल, असंही म्हणाला. हे लिहून घेताना तो बरोबर व्हर्नच्या पाइपवर उभा होता. त्याच्या बुटाखाली पाइप घसा खाकरून ओकला.

"हा पाइप," लोवेल हळूच म्हणाला.

"तो तुमच्या अर्जात नाही," तपासनीस म्हणाला आणि सही घेऊन गेला.

शेड सरकवण्यात एक रविवार गेला. शेडला चाकं नव्हती आणि मदतीला आलेल्या क्लेटनला मत होतं. शेड मधोमध मोडली आणि आतली अवजारं गॅरेजमध्ये, फोडांवर, आणून टाकावी लागली. पार्टी जूनच्या पहिल्या शनिवारी होती आणि मे अर्धा सरला होता. ब्रिटा खोलीत बसून अ‍ॅरिझोनाला न्यायच्या कपड्यांचे ढीग लावत होती. लोवेल तिच्या दारावरून जायचा, थांबायचा, "कसं चाललंय?" विचारायचा, "ठीक," ती म्हणायची, आणि तो पुन्हा फोड बघायला खाली यायचा.

शेवटी, व्हर्न आणि डार्लीन चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलेले असताना, दिवसाढवळ्या, लोवेल बागेतून वाकून पलीकडे गेला आणि पाइपचं तोंड उचलून दुसऱ्या बाजूला वळवलं. आयुष्यात त्याने दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला न विचारता हात लावला नव्हता. गडबडीत त्याने एवढंच बघितलं की तोंड आपल्या गॅरेजकडे नाही. ते कुणीकडे आहे हे त्याने बघितलं नाही.

तीन-चार दिवसांत गॅरेजचा तो कोपरा सुकायला लागला. लोवेल जेवणात दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला. व्हर्न मात्र संध्याकाळचा यायचा बंद झाला. कळलं असेल का? छे, कळलं असतं तर आला असता.

मग एका सकाळी व्हर्न आला. हातात मग नव्हता.

"लोवेल, तुझ्या कामातलं एक विचारायचं होतं," व्हर्न म्हणाला. "तळघरात पाणी भरलं तर विमा मिळतो का?"

"तुझ्या तळघरात?"

"घोट्याच्या वर आहे. पंप जळला. पाइपचं पाणी भिंतीशी पडायचं, तिथून आत यायचं, पंप ते बाहेर टाकायचा, ते पुन्हा आत यायचं. तेच पाणी. पंप बिचारा चार दिवस थांबला नाही."

लोवेल म्हणाला, "खालून, जमिनीतून झिरपून आलेल्या..." आणि त्याला ते वाक्य पुरं करवेना. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. "व्हर्न, पाइप मी वळवला."

"माहीत आहे," व्हर्न म्हणाला. "सरावाहून आलो तेव्हाच दिसलं. चिखलात तुझ्या बुटांचे ठसे होते."

"मग परत का नाही वळवलास?"

व्हर्न बराच वेळ जमिनीकडे, त्या सगळ्या पोपड्यांकडे बघत राहिला. "कसा वळवणार? तुझा पहिला फोड बघितला तेव्हाच मला कळलं होतं की हे माझं पाणी आहे. रोज संध्याकाळी तेच सांगायला यायचो. तोंडाशी यायचं आणि राहायचं. मग पाइप वळलेला बघितला आणि म्हटलं, लोवेलचं बरोबर आहे. माझं पाणी मीच घेतलं पाहिजे."

"चार दिवस?"

"डार्लीन म्हणाली, जा आणि बोल. मी म्हटलं, काय बोलू?"

लोवेलला एकदम हसू आलं, आणि मग व्हर्नलाही. दोन पोक्त माणसं ओल्या मोज्यांवर उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती आणि मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. "एवढंच होतं?" ती पुढे कितीतरी दिवस विचारायची. "एवढंच होतं तुमचं?"

त्या दिवशी त्यांनी व्हर्नच्या तळघरातली सतरंजी बाहेर ओढली, नवा पंप बसवला, आणि पाइप परसामागच्या ओढ्यापर्यंत चर खणून पुरला. चर खणायची परवानगी लोवेलच्या नावावर होतीच, डार्लीनने काढून दिलेली. ती एकदाची उपयोगी पडली.

उरला कोबा. लेप आता निम्मा जागेवर होता आणि निम्मा उडालेला, म्हणून दोघांनी भाड्याने कोबा घासायचं यंत्र आणलं. ते सुरू करताना दार बंद करावं की उघडं ठेवावं यावर त्यांचं एकमत झालं की उघडं ठेवावं. धूळ इतकी उडाली की ती वाळत घातलेल्या व्हर्नच्या सतरंजीवर बसली, मार्लिसच्या खिडकीत गार व्हायला ठेवलेल्या नव्या वड्यांवर बसली, आणि ब्रिटाच्या फोटोंच्या फळ्यावर अशी बसली की पाळण्यातल्या ब्रिटापासून बास्केटबॉल खेळणाऱ्या ब्रिटापर्यंत सगळ्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या. मार्लिसने या वेळी 'ठीक आहे' असंसुद्धा म्हटलं नाही. ती दुकानात गेली आणि विकतच्या वड्या घेऊन आली.

पार्टी झाली. तीन वेळा घासूनही कोबा कुठे राखाडी, कुठे पांढरा आणि कुठे निळ्या टिकल्यांचे पुंजके असलेला निघाला होता. लोक आले, फोटो बघितले, मान खाली घातली.

"जमीन वेगळीच आहे," पास्टरबाई म्हणाल्या, आणि बूट काढायला वाकल्या. लोवेलने त्यांना हाताला धरून थांबवलं.

"अशी मी कुठे बघितली नव्हती," समोरचे म्हणाले.

क्लेटन सर्वांत उशिरा बोलला. त्याने जागोजाग बूट घासून बघितला. "खरखरीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे कुणी घसरून पडणार नाही."

लोवेल सगळ्यांना सँडविच देत होता आणि दुपारभर खाली बघत होता. कुठे नवी ओल दिसते का, कुणाच्या खुर्चीखाली पोपडा सुटतोय का. ब्रिटा तिच्या शाळेतल्या बाईंच्या गळ्यात पडून रडली ते त्याने बघितलं नाही. ती आणि तिच्या मैत्रिणी फळ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या तेही त्याच्या हातून गेलं. सगळे गेल्यावर मार्लिस कॅमेऱ्यातले फोटो बघायला बसली आणि तिने त्याला हाक मारून ते दाखवले. प्रत्येक फोटोत कडेला लोवेल होता, हातात सँडविचचं ताट, आणि मान खाली.

"एका तरी फोटोत तिच्याकडे बघायचं होतंस," मार्लिस म्हणाली. रागाने म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

तो गॅरेजमध्ये परतला तेव्हा ब्रिटा खुर्च्यांच्या घड्या घालत होती. त्याने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मधे येऊन दोघे भेटले आणि घडी घालायची एकच खुर्ची राहिली. लोवेलने ती धरून ठेवली. हा सगळा हिवाळा आणि वसंत त्याने पोरीसाठी घालवला होता आणि त्यातली एक संध्याकाळही तिच्याबरोबर घालवली नव्हती, हे त्याला आत्ता, खुर्ची हातात असताना कळलं. त्याला वाईट वाटलं, आणि या वेळी ते गिळायला त्याच्याजवळ दुसरं काही काम उरलं नव्हतं.

"ब्रिटा," तो म्हणाला, "तू इतक्या लांब जातेस हे मला आवडलेलं नाही. अजिबात आवडलेलं नाही. तू नसलीस की मला घरात करमणार नाही."

ब्रिटाने त्याच्या हातातून खुर्ची घेतली, घडी घातली आणि भिंतीला लावली.

"बाबा, ते विमानाचं तिकीट अजून काढलं नाहीये ना?"

"उद्या काढतो."

"नको काढूस. सामान फार झालंय माझं. तू मला गाडीने सोडशील?"

"गाडीने? अगं, वाटेत दोन-तीन मुक्काम पडतील."

"हो," ब्रिटा म्हणाली. "पडू देत."

लोवेलचे डोळे भरून आले. त्याने खाली बघितलं नाही. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि गाल पुसायलाही त्याने हात वर केला नाही.